रंग पिणारा काठ

टेबलावरच्या युद्धखेळात कौतुकाचा धनी असतो तो शिपाई. अठ्ठावीस मिलिमीटरच्या मापातला हा शिपाई लोक भिंगाखाली धरून रंगवतात, त्याच्या पट्ट्याचं बक्कल नि गालावरची लाली वेगवेगळी दाखवतात. तो ज्या घराच्या आडोशाला उभा असतो, ते घर मात्र एका संध्याकाळी उरकलं जातं. मग खेळ मांडला की फरक दिसतो. शिपाई जिवंत वाटतात आणि गाव खोक्यांचं.

घरांशिवाय हा खेळ उभाच राहत नाही. गोळीच्या रेषेत कोण येतं आणि कोण आड राहतं, यावर डाव ठरतो. एच. जी. वेल्स यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’मध्ये जमिनीवरच्या खेळाचे नियम मांडले, तेव्हाही खेळण्यातल्या सैनिकांना आडोसा म्हणून लाकडी ठोकळ्यांची मांडणी होतीच. आज ब्रिटनमधले अनेक छोटे कारखाने लेझरने कापलेल्या एमडीएफच्या घरांचे संच विकतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पाट्या, दात्यांनी जुळणारे कोपरे, कोरलेल्या विटा. अडचण नेमकी या एमडीएफमध्येच आहे.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू राळेत मिसळून, उष्णता देऊन दाबलेली पाटी. दाबताना वरचा पृष्ठभाग जास्त घट्ट होतो आणि मधला गाभा सैल राहतो. पाटी कापली की हा सैल गाभा काठावर उघडा पडतो. सपाट भिंतीवर रंगाचा हात छान बसतो, काठ मात्र तो रंग पिऊन टाकतो. पाण्यातला रंग असेल तर तंतू फुगतात आणि काठ खरखरीत होतो. लेझरने कापताना काठ जळून काळपट झालेला असतो, ती काजळी फिक्या रंगातून तपकिरी डाग होऊन वर येते. खिडक्यांच्या चौकटी, दारं, छपराची कड, कोपरे, जिथं नजर आधी जाते तिथं सगळीकडे काठच असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की या घरांची निम्मी रंगाई काठावरच होते, आणि तीही रंगाचा डबा उघडण्याआधी.

सुरुवात पॉलिश पेपरनं करावी. 240 नंबरनं काजळी उतरवावी आणि 400 नंबरनं हलकेच गुळगुळीत करावं. ही धूळ फुप्फुसाला वाईट असते, तेव्हा तोंडावर मास्क हवाच. मग काठाची तहान भागवायची. पाण्यात समप्रमाणात फेविकॉल कालवून लावणारे पुष्कळ आहेत आणि ते चालतंही. पण त्यातल्या पाण्यानं तंतू उठतात, त्यामुळे वाळल्यावर पुन्हा पेपर मारावा लागतो. माझी पसंती लाखेला. आपले सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतात, ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. स्पिरिट झटकन उडून जातं, तंतूंना फुगायला पाणी मिळत नाही आणि लाख काठात मुरून बसते. दोन पातळ हात, मध्ये एकदा पेपर. परदेशातल्या शौकिनांच्या टेबलावरही लाखेवर बेतलेला प्रायमर असतो. झारखंडच्या जंगलातल्या किड्यांची लाख युद्धखेळातल्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या चिमुकल्या घराच्या चौकटीत बसते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यानंतर प्रायमर. गाड्यांसाठी मिळणारा राखाडी स्प्रे उत्तम, कारण त्यात पाणी नसतं. वीस-तीस सेंटीमीटरवरून, पाटीच्या अलीकडून सुरू करून पलीकडे थांबणारे झरझर फटकारे मारावेत. एकच जाड हात दिला की कोरलेल्या विटांच्या रेषा बुजतात आणि पैसे ज्या नक्षीचे मोजले तीच नाहीशी होते. पाटीच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लागला पाहिजे. एकच बाजू बंद केली तर दुसरी हवेतला ओलावा ओढत राहते आणि भिंत वाकते. जोडाचे दाते मात्र चिकटपट्टीनं झाकून ठेवावेत. रंगाच्या थरानं ते घट्ट होतात, शिवाय गोंद लाकडाला धरतो तसा रंगाला धरत नाही. आणि मुंबई-कोकणात भर पावसाळ्यात स्प्रे मारूच नये. दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येते.

आता रंग. 1944 च्या नॉर्मंडीतलं एखादं दुमजली घर घेऊ. काँ शहराभोवतालची जुनी घरं फिक्या, साय-पिवळ्या चुनखडीची असतात. हाच दगड समुद्र ओलांडून टॉवर ऑफ लंडनच्या बांधकामातही गेला. छप्पर निळसर करड्या स्लेटचं. या मापात सहा मीटरची भिंत जेमतेम अकरा सेंटीमीटर होते. अशा भिंतीवर खऱ्या दगडाचा हुबेहूब रंग लावला तर तो जड दिसतो, म्हणून एक छटा फिका घ्यावा. कोपऱ्यावरचे दाते लपवायला जाड कागदाचे घडीव दगड कापून चिकटवावेत, खऱ्या घरातही कोपऱ्याला घडीव दगड असतोच. मग पातळ केलेला तपकिरी रंग सांध्यांत उतरू द्यावा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिका रंग फिरवावा.

डाग पाडताना पाण्याचा विचार करावा. पावसाचं पाणी खिडकीच्या खालच्या कडेवरून खाली ओघळतं, छपराच्या कडेवरून ठिबकतं आणि पायथ्याशी चिखल उडवतं. डाग तिथंच हवेत. भिंतभर सारखी शिंतडलेली घाण खोटी वाटते, कारण तिला कारण नसतं. आणि कितीही मोह झाला तरी घराचे रंग शिपायांपेक्षा मवाळ ठेवावेत. मोठ्या भिंतीवर लखलखीत लाल ओतला तर तिच्यापुढचा माणूस हरवतो, आणि मग त्याच्या बक्कलावर घेतलेले कष्टही दिसत नाहीत.

छप्पर उचलता येईल असं ठेवतात, कारण खेळात शिपाई आत शिरतात. तेव्हा आतल्या भिंतीही रंगवाव्यात, निदान एक फिका हात द्यावा. छप्पर जिथं भिंतीवर टेकतं तो काठ फक्त लाखेवर सोडावा आणि त्यावर मेणबत्ती घासावी, म्हणजे छप्पर अडकत नाही आणि रंगाचे टवके उडत नाहीत.