पक्षाघातानंतर हाताच्या हालचालीचे रोबोद्वारे मूल्यमापन

प्रस्तावना

पक्षाघातातून रुग्णाचे प्राण वाचले, की घरच्या माणसांचा पहिला प्रश्न बहुधा चालण्याविषयी असतो आणि दुसरा हाताविषयी. चालणे पुष्कळांना थोडेफार तरी परत मिळते. हात मात्र मागे राहतो. काही आठवड्यांनी 'हात सुधारतो आहे का?' असे विचारले जाते, तेव्हा त्याचे नेमके उत्तर देणे वाटते तितके सोपे नसते. उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, व्यायाम बदलावा की नाही, एखादी नवी उपचारपद्धती उपयुक्त ठरली की निरुपयोगी, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून असते. पुनर्वसनातील रोबोंची चर्चा आजवर प्रामुख्याने उपचाराचे साधन म्हणून झाली. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार मोजमापाचे साधन म्हणून केला आहे.

'यंत्रमानव' हा रूढ शब्द येथे हेतुतः टाळला आहे. या उपकरणांना मानवी आकार नसतो. टेबलावर बसवलेली, सांध्यांची जोडणी असलेली एक धातूची भुजा आणि तिच्या टोकाला रुग्णाने धरावयाची मूठ, एवढेच त्यांचे दर्शनी रूप असते.

प्रचलित चाचणी आणि तिचा खडबडीतपणा

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी स्वीडनमधील फुगल-मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या हाताच्या भागात 33 बाबी असून प्रत्येकीला जास्तीत जास्त 2 गुण आहेत. म्हणजे निरोगी हाताला 66 गुण मिळतात. हालचाल मुळीच झाली नाही तर 0, अंशतः झाली तर 1 आणि पूर्ण झाली तर 2. साहित्य म्हणून प्रतिक्षिप्त क्रिया तपासण्याची हातोडी, कागद, पेन्सिल, एक चेंडू आणि एक लहान डबा एवढे पुरते. कोणत्याही गावातील रुग्णालयात ती करता येते आणि तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य बहुधा यातच आहे.

अडचण आहे ती त्या '1' मध्ये. कोपर सरळ ठेवून हात समोर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावयाचा, ही चाचणीतील एक बाब घेऊ. उचलण्याच्या उत्तरार्धात कोपर वाकले तर 1 गुण मिळतो. ते निम्म्या वाटेवर वाकले काय किंवा अगदी शेवटी वाकले काय, गुण तेवढाच. महिनाभराच्या परिश्रमाने रुग्ण पहिल्या स्थितीतून दुसऱ्या स्थितीत आला, तरी कागदावर काहीच बदललेले नसते. 'प्रगती थांबली आहे' असा शेरा अशा रुग्णाच्या वाट्याला येऊ शकतो. दुसऱ्या टोकाला, सौम्य पक्षाघाताचा रुग्ण 60 च्या पुढे पोहोचतो, तेव्हा मोजपट्टीच संपत आलेली असते. 'हात अजून पूर्वीसारखा वाटत नाही' ही त्याची तक्रार गुणांत उमटत नाही. शिवाय गुण देणारा माणूस असतो. प्रशिक्षण चांगले असेल तर दोन तज्ज्ञांचे गुण बऱ्याच अंशी जुळतात, ही या चाचणीची मोठी जमेची बाजू होय. पण प्रशिक्षणाचा हा खटाटोप सर्वत्र होत नाही.

रोबो काय मोजतो

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत नेव्हिल होगन, हर्मानो इगो क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी 1989 पासून एमआयटी-मॅनस हा रोबो विकसित केला. 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बर्क पुनर्वसन रुग्णालयात त्याचा रुग्णांवर वापर सुरू झाला. कारखान्यातील रोबो आणि हा रोबो यांत एक मूलभूत फरक आहे. कारखान्यातील रोबोला ढकलले तर तो हलत नाही. ताठपणा हाच त्याचा गुण. मॅनसची मूठ मात्र रुग्णाने ढकलताच हलते आणि मोटारींचा अडथळा त्याला जाणवतही नाही. ही मवाळी आधी उपचारातील सुरक्षिततेसाठी योजली गेली. तिचा परिणाम असा झाला, की साहाय्य बंद केल्यावर हेच यंत्र हालचालीत फारशी लुडबूड न करणारे मापनयंत्र बनले. मोटारींवरील संवेदक मुठीचे स्थान एका सेकंदात शेकडो वेळा नोंदवतात.

रुग्णापुढे पडद्यावर मध्यभागी एक ठिपका आणि भोवती आठ ठिपके असतात. मध्यापासून प्रत्येक ठिपक्यापर्यंत आणि पुन्हा मध्यापर्यंत, सुमारे 14 सेंटिमीटर अंतर, मूठ न्यावयाची. निरोगी माणूस असे करतो तेव्हा हाताचा मार्ग जवळजवळ सरळ असतो आणि वेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा येतो: वेग हळूहळू वाढतो, मध्यावर कळस गाठतो आणि तसाच उतरतो. तमार फ्लॅश आणि होगन यांनी 1985 मध्ये या आकाराचे गणिती स्पष्टीकरण दिले होते. पक्षाघातानंतर सुरुवातीच्या काळात हा एक घंटाकार उरत नाही. त्याच्या जागी लहान लहान उंचवट्यांची रांग दिसते आणि मधूनमधून वेग शून्यावर येतो. जणू प्रत्येक पावलानंतर हात थांबून पुढच्या पावलाचा विचार करतो. सुधारणा होऊ लागली की हे तुकडे संख्येने कमी होतात, लांबतात आणि एकमेकांत मिसळू लागतात. मराठीत ज्याला आपण हाताची 'सफाई' म्हणतो, तिचा हा आलेख होय. फुगल-मायर चाचणीत या घडामोडीला जवळजवळ स्थानच नाही.

मात्र सफाई मोजावी कशी, हा प्रश्न उरतोच. रोरर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 31 रुग्णांच्या नोंदी पाच निरनिराळ्या मापकांनी तपासल्या. चार मापकांनुसार बहुतेकांची सफाई वाढत होती. त्वरणातील बदलाच्या दरावर, म्हणजे 'हिसक्या'वर आधारलेले पाचवे मापक मात्र तसे सांगत नव्हते. हालचालीचे सुटे तुकडे एकमेकांत मिसळू लागतात त्या मधल्या टप्प्यात हे मापक काही काळ उलट्या दिशेने जाऊ शकते, असे संगणकीय प्रतिरूपातून दिसून आले. हिसका काढण्यासाठी स्थानाच्या नोंदीचे तीनदा विकलन करावे लागते आणि प्रत्येक वेळी नोंदीतील बारीकसारीक दोष फुगत जातात, ही आणखी एक अडचण. याच प्रश्नावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील शिवकुमार बालसुब्रमण्यन यांनी परदेशी सहकाऱ्यांसह 2012 आणि 2015 मध्ये केलेले काम आता सर्वमान्य झाले आहे. त्यांच्या मापकात वेगाच्या आलेखाचे वारंवारितांमध्ये पृथक्करण करून त्या वर्णपटाच्या वक्राची लांबी मोजली जाते. हालचालीचा कालावधी किंवा अंतर बदलले म्हणून हे मापक फसत नाही.

डोळ्यांना न दिसणारी उणीव

रोबोचा सर्वांत मोलाचा उपयोग कदाचित हालचाल मोजण्यापेक्षा जाणीव मोजण्यात असावा. डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे हे आपल्याला कळते. पक्षाघातात ही स्थितिसंवेदना नष्ट झाली, तर स्नायूंत बळ असूनही हात भरकटतो. तिची नेहमीची तपासणी म्हणजे रुग्णाला डोळे मिटावयास सांगून बोट वर किंवा खाली हलवणे आणि दिशा विचारणे. अंदाजाने दिलेली निम्मी उत्तरेही बरोबर येऊ शकतात. कॅनडातील किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्कॉट यांनी तयार केलेल्या किनार्म या रोबोत दोन्ही हात आधारावर ठेवले जातात आणि दृष्टीआड केले जातात. रोबो बाधित हात एखाद्या ठिकाणी नेऊन ठेवतो. रुग्णाने दुसरा हात आरशातल्याप्रमाणे त्याच जागी न्यावयाचा. चूक किती सेंटिमीटरची आणि कोणत्या दिशेने, हे लगेच मिळते. 2010 मध्ये या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

रोबो काय मोजत नाही

मुठीवरचा संवेदक मुठीपुरतेच पाहतो. हात पुरत नाही म्हणून रुग्ण कमरेतून पुढे झुकला, तर मूठ ठिपक्यावर पोहोचते आणि नोंद चांगली येते. सुधारलेली असते ती युक्ती, हात नव्हे. म्हणून चाचणीच्या वेळी धड खुर्चीला पट्ट्यांनी बांधून घेतात. खरी सुधारणा आणि पर्यायी युक्ती यांतील हा भेद संशोधनाच्या दृष्टीने कळीचा आहे, कारण मेंदू सावरतो आहे की केवळ शरीराने तडजोड केली आहे, हे त्यावरून ठरते.

दुसरी मर्यादा गुरुत्वाकर्षणाची. मॅनसमध्ये हात आधारावर टेकलेला असतो. अनेक रुग्णांत खांदा उचलताच कोपर आपोआप वाकते. या जखडलेल्या आकृतिबंधाचे वर्णन ट्विचेल यांनी 1951 मध्ये केले होते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डेवाल्ड आणि सहकाऱ्यांनी हाताचे वजन रोबोने कमी-अधिक पेलावे अशी योजना करून, पोहोचता येणारे क्षेत्र मोजले. वजन रुग्णावर टाकत गेले तसे ते क्षेत्र आक्रसत गेले. टेबलावर सफाईने सरकणारा हात फडताळातील डबा काढू शकेलच, असे म्हणता येत नाही.

उपचाराच्या चाचण्यांकडे याच दृष्टीने पाहावे लागते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 127 जुन्या रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 12 आठवड्यांनंतर रोबो-उपचार घेतलेल्यांची फुगल-मायर गुणांतील सरासरी आघाडी नेहमीच्या उपचारापेक्षा केवळ 2.17 होती आणि ती संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. ब्रिटनमधील 770 रुग्णांच्या 2019 च्या चाचणीत दैनंदिन कामाच्या क्षमतेत लाभ आढळला नाही. फुगल-मायर गुणांत मात्र अल्प लाभ दिसला. हे निकाल मोजपट्टीच्या माथी मारून रोबो-उपचाराचा बचाव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नियंत्रणाची सुधारणा, कामाची क्षमता आणि घरी हाताचा प्रत्यक्ष वापर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र या चाचण्यांतून उघड झाले. एकीतली वाढ दुसरीत आपोआप उतरत नाही, आणि रोबोची सूक्ष्म नोंद पहिलीपुरतीच बोलते.

म्हणूनच पक्षाघात-पुनर्वसनातील तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 मध्ये केलेल्या शिफारशींत टेबलाच्या पातळीवरील पोहोचण्याच्या चाचणीबरोबर पेला उचलून पाणी पिण्याच्या चाचणीचाही समावेश आहे. तीत कॅमेऱ्यांच्या साहाय्याने हाताबरोबर धडाची हालचालही टिपली जाते. नोंदी उपचाराच्या सोयीने न घेता पक्षाघाताच्या दिवसापासून मोजून ठरावीक अंतरांनी घ्याव्यात, हा आग्रहही या गटाने धरला आहे. कारण पहिल्या काही आठवड्यांत हात उपचाराविनाही पुष्कळ सुधारतो आणि ते श्रेय चुकून उपचाराला दिले जाते.

भारतापुरता विचार केला, तर परदेशी रोबोंची किंमत हा मोठा अडसर आहे. वेल्लोरच्या त्याच महाविद्यालयाने आयआयटी मद्रासच्या सहकार्याने हातासाठी 'प्लूटो' हा छोटा रोबो विकसित केला. त्यात एकच मोटार असून मुठी बदलून मनगट वाकवणे, तळहात उपडा-उताणा करणे, पंजा उघडणे-मिटणे अशा वेगवेगळ्या हालचालींसाठी तो वापरता येतो. खांदा आणि कोपर त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी आजही भौतिकोपचारतज्ज्ञाची नजर, चेंडू, डबा आणि 66 गुणांचा तक्ता एवढेच साधन आहे.