‘ठाण्याला पाठवा!’

आमच्या इमारतीच्या सभेत परवा, तिसऱ्या मजल्यावरील तरुणास स्किझोफ्रेनिया आहे असे कानी पडताच, एका सद्गृहस्थांनी ‘त्याची रवानगी ठाण्याला करा’, म्हणजे तेथील मनोरुग्णालयात, असा तोंडी हुकूमच सोडला. जो तरुण सकाळी सातला दूध आणतो, दिवसभर झेरॉक्सच्या दुकानी बसतो आणि रात्री जेवण होताच आईने वाटीत काढून ठेवलेल्या दोन गोळ्या निमूटपणे घेतो, त्याच्याच हातून या गृहस्थांनी आधारकार्डाच्या प्रती काढून घेतल्या होत्या, हे त्यांना स्मरले नाही.

गंभीर मनोरुग्णाची जागा जन्मभर मनोरुग्णालयातच, हा ग्रह ऐकून ऐकून कान किटले. वस्तुस्थिती अशी की, तीव्र लक्षणे औषधांनी आटोक्यात आली म्हणजे बहुतेक रुग्ण घरी राहू शकतात. मात्र औषध सुटता कामा नये. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, औषध चालू असलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे २७ टक्के रुग्णांचा, तर औषधाऐवजी निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा आजार उलटला. म्हणजे शेजाऱ्यांनी काळजी वाहायचीच, तर ती गोळ्यांच्या नियमितपणाची वाहावी!

कायदाही याच बाजूचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याच्या कलम १९ अन्वये रुग्णास समाजात राहण्याचा हक्क असून, केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही वा घर नाही, एवढ्या सबबीवर त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. कुणाला दाखल करावे, हे सभेच्या ठरावाने ठरत नाही.

उरलेल्या गैरसमजांचा समाचार थोडक्यात:

‘असे रुग्ण हिंसक असतात’: बहुसंख्य नसतात, उलट हिंसेला तेच अधिक बळी पडतात.

‘लग्न करून द्या, बरा होईल’: विवाह हे औषध नव्हे, आणि आजार लपवून केलेला विवाह ही दोन्ही घरांची फसवणूक होय.

‘गोळ्यांचे व्यसन लागते’: मनोविकारावरील या मुख्य औषधांचे लागत नाही, तरी ती डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत.

‘बाधा आहे, साखळीने बांधा’: ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांत अडकलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले, आता साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे.

मनोरुग्णालय तीव्र आजाराच्या दिवसांपुरते असते. ते दिवस सरून माणूस घरी परतला म्हणजे, जिन्यात भेटल्यावर त्याच्याशी चार शब्द बोलावेत, एवढीच विनंती.