उभ्या मोटारीतील वातानुकूलनाची गळती

जी क्रीडामोटार वर्षाकाठी मोजक्याच वेळा रस्त्यावर येते, तिचे वातानुकूलन यंत्र झिजण्याचे कारणच नाही, अशी मालकांची समजूत असली, तरी वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कारण शीतक वायूबरोबर वाहणारे तेलच कॉम्प्रेसरच्या दंडाभोवतीचे सील ओले राखते, आणि यंत्र महिनोन्महिने बंद राहिले, की ते सील कोरडे पडून वायूला वाट मिळते. १९८० च्या दशकातील पोर्शे ९११ मध्ये तर कॉम्प्रेसर मागे इंजिनापाशी आणि एक कंडेन्सर पुढच्या टोकास असल्यामुळे लांबच लांब रबरी नळ्या लागतात, व जीर्ण रबरातूनही वायू झिरपतो.

अशा वेळी नुसता वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. प्रथम नायट्रोजनचा दाब देऊन किंवा अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगद्रव्याने गळतीच्या जागेची खातरजमा करावी, सांध्यांतील रबरी कड्या बदलाव्यात, यंत्रणा निर्वात करून आर्द्रता काढावी, आणि मगच नेमक्या वजनाने वायू भरावा. आर-१२ हा शीतक वायू ओझोनचा नाश करतो, त्याच्या जागी आलेला आर-१३४ए पृथ्वीचे तापमान वाढवितो. म्हणून गळतीचा बंदोबस्त हे सार्वजनिक कर्तव्यही आहे. तेव्हा मालकांनी पंधरवड्यातून एकदा तरी इंजिन सुरू करून दहा मिनिटे वातानुकूलन अवश्य चालवावे.