अंतिम यात्रेतील सोबती : एका तमिळ चित्रपटाचा विचार

मृत्यूची चाहूल लागलेल्या माणसाने घर सोडून निघावे, ही कल्पना भारतीय परंपरेस नवी नाही. पांडवांचे महाप्रस्थान किंवा उतारवयातील काशीवास यांत प्रवास हा त्यागाचा मार्ग असतो; वाटेवर एकेक पाश गळून पडतो. मधुमिता यांच्या ‘केडी एन्गिर करुप्पुदुरै’ (२०१९) या तमिळ चित्रपटात मात्र या कल्पनेची दिशा उलटली आहे. येथे वृद्ध निघतो तो राहून गेलेल्या इच्छा पुऱ्या करण्यासाठी.

या उलटण्याचे कारण कथेच्या आरंभीच सापडते. दीर्घकाळ बेशुद्ध पडलेल्या करुप्पुदुरैच्या बाबतीत घरची माणसे ‘तलैक्कूत्तल’चा निर्णय घेतात. या शब्दाचा अर्थ डोक्यावर ओतणे असा होय. दक्षिण तमिळनाडूच्या काही भागांत चालत आलेल्या या प्रथेत जर्जर वृद्धास पहाटे तेल चोपडून थंड पाण्याने न्हाऊ घालतात व शहाळ्याचे पाणी भरपूर पाजतात. त्याने ताप येऊन व मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू ओढवतो. कायद्याच्या दृष्टीने ही हत्याच होय. शुद्धीवर आलेल्या म्हाताऱ्याच्या कानी ही मसलत पडते आणि तो घर सोडतो. पुढे देवळाच्या आश्रयाने वाढलेला कुट्टी हा अनाथ मुलगा त्यास भेटतो. इच्छांची यादी तयार होते; तीत बिर्याणीसारखे साधे सुख आहे, तशीच तरुणपणी दुरावलेल्या वल्लीची भेटही आहे.

तमिळ चित्रपटाने मरणोन्मुख माणूस पूर्वीही रंगविला आहे. श्रीधर यांचा ‘नेंजिल ओर आलयम्’ (१९६२) आणि के. बालचंदर यांचा ‘नीर्कुमिळि’ (१९६५) ही त्याची ठळक उदाहरणे. दोहोंतील बहुतेक घटना रुग्णालयाच्या भिंतींआड घडतात. पहिल्यात तर रुग्णाचा जीव त्याच्या पत्नीच्या पूर्वप्रियकराच्याच, म्हणजे डॉक्टरच्या, हाती असतो. रुग्ण तेथे इतरांच्या निर्णयाचा विषय ठरतो. ‘केडी’त तो रस्त्यावर येतो आणि आपल्या उरलेल्या दिवसांचा धनी होतो. प्रवास हा येथे केवळ देखावा नव्हे. निर्णयाचा अधिकार कुटुंबाकडून वृद्धाकडे आणण्याचे ते साधन आहे.

या स्थित्यंतरात सोबत्याचे स्थान महत्त्वाचे आहे. संघकालीन ‘पुरनानूरु’त कोप्पेरुंचोळन हा राजा उत्तरेकडे तोंड करून प्रायोपवेशनास बसतो आणि कधीही न भेटलेला त्याचा मित्र पिसिरांतैयार येऊन त्याच्यासह देह ठेवतो. तेथे मैत्रीची कसोटी मरणात सहभागी होण्याची आहे. कुट्टीची मैत्री नेमकी उलट काम करते : ती म्हाताऱ्यास पुन्हा जगण्याकडे वळविते. मु. रामस्वामी या ज्येष्ठ रंगकर्मींचा संयत अभिनय आणि नागविशालचा धीट, हजरजबाबी कुट्टी यांमुळे हे नाते उपदेशाचे रूप घेत नाही. नागविशालला २०१९ सालासाठीचा उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यथार्थच होय.

तथापि या गोडव्याची एक मर्यादा आहे. वृद्धाची शुश्रूषा ज्यांस आर्थिक व शारीरिक ओझे वाटते, त्यांची बाजू मागे पडते. प्रिया कृष्णस्वामी यांच्या ‘बारम्’मध्ये हाच विषय कठोरपणे मांडला असून त्याच्या नावाचाच अर्थ ओझे असा आहे. तेथे सुटकेचा रस्ता नाही. मृत्यूनंतरचा संशय आणि गावाचे मौन आहे.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क व त्यासाठीचे पूर्वलिखित इच्छापत्र मान्य केले. त्या निर्णयाचा आधार व्यक्तीची स्वतःची इच्छा हा आहे. तलैक्कूत्तलमध्ये नेमकी तीच विचारली जात नाही. चित्रपटाचा मर्मबिंदूही हाच : मरू घातलेल्या माणसास काय हवे, हे त्याला विचारणारा पहिला माणूस घरातला निघत नाही, तो रस्त्यावर भेटलेला पोरका मुलगा असतो.