दिले, घेतले आणि जपले

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात, ज्याला सर्वजण पांडवलेणी म्हणून ओळखतात, तेथील दहाव्या लेण्याच्या ओवरीत एक हिशेब कोरलेला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि त्याच्या निर्वाहासाठी ३००० कार्षापणांची ठेव ठेवली. ही रक्कम त्याने राजकोषात ठेवली नाही. गोवर्धन या नगरीतील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण शेकडा एक या दराने आणि दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, केवळ व्याजाचा विनियोग करायचा, अशी अट घातली. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. लेण्यात वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण मिळावेत, अशी योजना होती.

व्यापारी कुटुंबातील वाचकांनी हा हिशेब स्वतः मांडून पाहावा. व्याजाचा दर दरमहाचा की दरसालचा, हे लेखात वेगळे सांगितलेले नाही. परंतु दरमहा शेकडा एक धरला, तर २००० कार्षापणांवर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. त्यांची वीस भिक्षूंत वाटणी केली की प्रत्येकी बरोबर १२ येतात. एका दमडीचीही तफावत राहत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण भिक्षूंच्या इतर गरजांसाठी होते. लेखातील ‘पायून’ हा शब्दही थांबून पाहण्याजोगा आहे. आजही मराठी माणूस ज्याला ‘पाऊण’ म्हणतो, तो हाच शब्द. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखवण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवण्यात आला, असेही लेख सांगतो.

या व्यवहारातील पक्ष कोण होते, हे पाहिले म्हणजे त्याचे खरे महत्त्व ध्यानात येते. ठेव ठेवणारा शक, म्हणजे वायव्येकडून आलेल्या परक्या वंशातील. ठेव स्वीकारणारे गोवर्धनचे स्थानिक विणकर. लाभ घेणारे चारही दिशांतून येणारे भिक्षू. भाषा, कुळ आणि उपासना यांपैकी काहीही समान नसलेली ही माणसे एका नोंदीच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्यांचा करार करीत होती. प्राचीन व्यापारी मार्गांवरून मालाबरोबर संस्कृतीही गेली, असे नेहमी सांगितले जाते. ती कशाच्या आधाराने गेली, याचे उत्तर या ओवरीत आहे.

ज्या मार्गावर हा व्यवहार घडला, त्याचे वर्णन ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक पुस्तिकेत आढळते. नर्मदेच्या मुखावरील भडोच हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर. तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांवर लादून भडोचला येत असे. त्याच्या बदल्यात तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, मद्य आणि सोन्याचांदीची नाणी येत. देशी नाण्यांशी त्यांचा विनिमय केला की लाभ होतो, हेही ग्रंथकर्ता नमूद करायला विसरत नाही. नर्मदेच्या मुखाशी भरतीचा वेग भयंकर आणि वाळूचे दांडे धोक्याचे. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक नाविक आपल्या नावा घेऊन दूरवर सामोरे जात आणि परदेशी गलबतांना वाट दाखवीत बंदरात आणीत. अनोळखी किनाऱ्यावर अनोळखी माणसाच्या हाती गलबत सोपवणे, ही त्या व्यापाराची पहिली पायरी होती.

कोकणातील सोपारा आणि कल्याण या बंदरांतून घाटावर येणारी वाट नाणेघाटातून जुन्नरला पोचत असे. घाटमाथ्यावरील सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही तेथे पाहावयास मिळतात. याच जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. इरिलाने पाण्याच्या दोन पोढी खोदवल्या, चिटाने भोजनमंडप करवला. कार्ल्याच्या चैत्यातील कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले आणि तेथील दर्शनी भागात त्याच गावच्या एका गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले. यवन दात्यांनी नावे बदलली, या भूमीची दानपद्धती स्वीकारली आणि वाटसरूंसाठी पाणी व निवारा सोडून गेले.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. इटलीतील पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला सापडली असून ती तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, कांस्यमूर्ती मिळाली. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर तर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी एकत्र नांदतात. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला होता. राजसत्ता बदलली तरी नाणे चालू राहिले. दानांचेही तसेच झाले. उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षुसंघाला करजिक हे गाव दिले होते. शकांचा पाडाव झाल्यावर सातवाहनांनीही ते त्याच संघाला देण्याची आज्ञा काढली. शत्रूने केलेले दान मोडण्याऐवजी ते पुढे चालवण्यात त्यांनी शहाणपण मानले.

या व्यवहारांत स्त्रियाही मागे नव्हत्या. नाशिकच्या लेण्यातच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा एक लेख आहे. शक अग्निवर्म्याची कन्या विष्णुदत्ता हिने संघातील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद त्यात आहे. तेलाचे घाणे चालवणाऱ्यांची श्रेणीही त्यांत होती. औषधदान हे चार दानांतील एक, हे जैन वाचकांना वेगळे सांगावयास नको. परक्या कुळातील एका स्त्रीने ते बौद्ध संघासाठी, येथल्या तेल्यांवर भरवसा टाकून केले.

जैन संघही याच वाटांच्या काठाने वाढला. पुणे जिल्ह्यातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा ब्राह्मी लेख आहे. तो महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख मानला जातो. इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याची पोढी करवली, एवढेच तो सांगतो. दक्षिणेतून उज्जैनमार्गे उत्तरेला जाणारे तांडे मथुरेला पोचत. तेथील कंकाली टिळ्यावरील जैन दानलेखांत धर्मसोमा या सार्थवाहाच्या पत्नीचे नाव आढळते. सार्थवाह म्हणजे तांड्याचा नायक. पती तांडे घेऊन देशोदेशी फिरत असता पत्नीने जिनप्रतिमेसाठी दान दिले.

पुढील काळातील व्यापारी जगाचे सर्वांत जिवंत चित्र एका जैन आचार्यांनी रेखाटले आहे. उद्योतनसूरींनी इसवी सन ७७९ मध्ये राजस्थानातील जालोर येथे ‘कुवलयमाला’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याची मुख्य भाषा प्राकृत आहे. महाराष्ट्री प्राकृत मराठी भूमीपासून राजस्थानातील साधूंच्या लेखणीपर्यंत पोचली होती, हेही या मार्गांचेच देणे. ग्रंथात सोपाऱ्याला जमलेल्या व्यापाऱ्यांचा एक मेळा आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला गंध आणि तांबूल देऊन त्याचा सत्कार होतो आणि मग प्रत्येक जण आपला अनुभव सांगतो. कोणी कोसलात घोडे नेऊन हत्ती आणले, कोणी बर्बरकूलाला वस्त्रे नेऊन हस्तिदंत व मोती आणले, तर कोणी रत्नद्वीपाला कडुनिंबाची पाने नेऊन रत्ने आणली. निंबाच्या पानांना रत्नांचे मोल येते, ही वार्ता ऐकूनच लोभदेव नावाच्या व्यापाऱ्याच्या मनात हाव निर्माण होते.

हा लोभदेव तक्षशिलेजवळच्या गावातून घोडे विकण्यासाठी सोपाऱ्याला आलेला. भद्रश्रेष्ठी हा तेथील त्याचा यजमान. दोघे भागीदारीत रत्नद्वीपाची सफर करतात. परतीच्या वाटेवर, भागीदाराला वाटा द्यावा लागेल या विचाराने, लोभदेव भद्रश्रेष्ठीला भर समुद्रात ढकलून देतो. पुढे गलबत फुटते आणि सारा माल बुडतो. उद्योतनसूरींना लोभ या कषायाचे स्वरूप दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी दरोडेखोर निवडला नाही. आश्रय देणाऱ्या भागीदाराचाच घात करणारा व्यापारी निवडला. त्यांच्या श्रोत्यांत व्यापारी होते आणि हे पाप त्यांना सर्वांत जवळून कळणारे होते.

याच ग्रंथात विजयापुरीच्या बाजारात अठरा देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात. त्यांत मरहट्ट, म्हणजे मराठी माणूस, आहे. त्याची ओळख म्हणून आचार्यांनी त्याच्या तोंडी जे शब्द घातले, त्यांचा अर्थ ‘दिले’ आणि ‘घेतले’ असा होतो. मराठी बोलीचा इतका जुना नमुना बाजारात, देण्याघेण्याच्या ओघात नोंदला जावा, हे अर्थपूर्ण आहे. उषवदाताच्या लेखातील ‘पायून’ही अशाच व्यवहारातून टिकला.

तेरचे कापड जीर्ण झाले, सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरले, गोवर्धनच्या श्रेणी काळाच्या उदरात गेल्या. पिढीजात पेढी असलेल्या अनेक घरांच्या माळ्यावर आजही लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या असतात. त्यांत धर्मादायाचे खाते, पांजरपोळाची रक्कम, एखाद्या विधवेने विश्वासाने ठेवलेली ठेव अशा नोंदी आढळतात. घर बदलताना त्या रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहिल्या, तर त्रिरश्मीच्या ओवरीतला तोच हिशेब तेथेही दिसेल. मुद्दल राखून व्याज धर्माला द्यावे आणि दुसऱ्याची ठेव आपल्या मालमत्तेहून अधिक जपावी, ही रीत या मार्गांवरच रूढ झाली. ती पुढे चालवणे हे प्रत्येक पेढीच्या नव्या पिढीकडे आलेले देणे आहे.