“हा खर्च का केला?” कोबिट वापरून आपल्या निर्णयाचं उत्तर आधीच तयार ठेवा



आजचा विषय नावाने जड आहे, पण प्रश्न अगदी घरातला आहे. व्यवसायात कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, ऑनलाइन दुकान यावर पैसे घातले आणि मध्येच एखादा निर्णय बदलावा लागला, तर तो निर्णय समोरच्याला पटवायचा कसा?

व्हिडिओमध्ये घेतलेलं उदाहरण इथे थोडं सविस्तर घेऊ. धरा, एक मसाल्याचा घरगुती उद्योग आहे. पुतण्या धंदा बघतो, काकांनी पैसे घातलेत. व्यवसाय ‘डिजिटल’ करायला एकूण ३ लाख रुपये ठरलेत. बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर १ लाख १० हजार, ऑनलाइन दुकान १ लाख २० हजार, बारकोड प्रिंटर आणि कामगारांचं प्रशिक्षण ७० हजार. तिसऱ्या महिन्यात पुतण्या ऑनलाइन दुकानाचं काम थांबवतो. रविवारी काका वही घेऊन बसतात.

“अरे, दुकानाचं काम मध्येच थांबवलंस. मग त्या वेबसाइटवाल्याला दिलेले ४० हजार पाण्यात गेले का?”

“नाही काका, तेव्हा तेच बरोबर वाटलं.”

इथेच गाडी अडते. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण ‘तेव्हा बरोबर वाटलं’ हे उत्तर नाही. काकांचा विश्वास एकदा डळमळला की पुढचे पैसे अडतात, आणि नातंही थोडं दुखावतं. हे टाळण्यासाठी आज आपण मोठ्या कंपन्यांकडचं एक साधन उसनं घेणार आहोत. त्याचं नाव कोबिट.

आधी एक फरक: प्रोजेक्ट आणि प्रोग्रॅम

घरातलं लग्न आठवा. मांडव, आचारी, पत्रिका, वऱ्हाडाची गाडी ही वेगवेगळी कामं. प्रत्येक काम म्हणजे एक प्रोजेक्ट. पण कार्य एकच असतं, लग्न. आचारी उत्तम मिळाला आणि हॉल मिळालाच नाही, तर आचाऱ्याचा उपयोग काय? ही सगळी कामं एका फायद्यासाठी एकत्र सांभाळणं म्हणजे प्रोग्रॅम मॅनेजमेंट.

आपल्या उदाहरणात बिलिंग, स्टॉक, ऑनलाइन दुकान आणि प्रशिक्षण हे प्रोजेक्ट आहेत. ‘ऑर्डर आली की २४ तासांत बरोबर माल बाहेर पडला पाहिजे’ हा प्रोग्रॅमचा हेतू. म्हणून एखादं काम थांबवणं, पुढे ढकलणं किंवा आधी घेणं हे निर्णय त्या एका कामापुरते बघून चालत नाहीत. सगळ्या कार्याकडे बघावं लागतं.

कोबिट म्हणजे नेमकं काय?

इसाका नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. १९६९ मध्ये ती कॉम्प्युटरवरच्या कामाची तपासणी करणाऱ्या ऑडिटर मंडळींनी सुरू केली. त्यांनी १९९६ मध्ये कोबिटची पहिली आवृत्ती आणली. सध्याच्या आवृत्तीचं नाव कोबिट २०१९. कंपनीतल्या माहिती-तंत्रज्ञानाचा कारभार कसा चालावा, कोणी काय ठरवावं आणि त्यावर लक्ष कसं ठेवावं, याची ही चौकट आहे.

मूळ ऑडिटरांकडून आलं असल्यामुळे त्याचा स्वभावही तसाच आहे. ‘तुम्ही हे का केलं? पुरावा काय?’ हे तिथे पदोपदी येतं. आपल्याला नेमकं तेच हवंय.

कोबिट २०१९ मध्ये एकूण ४० उद्दिष्टं आहेत, पाच गटांत विभागलेली. घाबरू नका, आपल्याला ४० लागणार नाहीत. दोनच गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे दिशा ठरवणारा वेगळा, काम करणारा वेगळा. पाचपैकी एक गट फक्त दिशा ठरवणाऱ्यांचा आहे. त्यांचं काम तीन शब्दांत मावतं. पारखा, दिशा द्या, लक्ष ठेवा. बाकी चार गट काम पार पाडणाऱ्यांचे. आपल्या उदाहरणात काका पहिल्या बाजूला, पुतण्या दुसऱ्या. आता तुम्ही म्हणाल, “सर, माझ्या धंद्यात मालकही मीच आणि हमालही मीच!” मग खुर्ची बदला. आठवड्यातला अर्धा तास फक्त मालक म्हणून बसा आणि स्वतःलाच प्रश्न विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन कसोट्या. दिशा ठरवणाऱ्याने फायदा मिळतोय का, धोका आवाक्यात आहे का आणि पैसा-माणसं नीट वापरली जातायत का, हे बघायचं. कोबिटमध्ये यांना ईडीएम ०२, ०३ आणि ०४ असे क्रमांक आहेत. प्रोग्रॅम सांभाळण्याचं उद्दिष्ट बीएआय ०१, प्रोजेक्ट सांभाळण्याचं बीएआय ११. आधीच्या आवृत्तीत ही दोन्ही एकत्र होती, २०१९ च्या आवृत्तीत वेगळी केली. कारण तेच, आचारी वेगळा आणि लग्न वेगळं.

प्रश्न न विचारल्याची किंमत

एक खरी घटना सांगतो. ब्रिटनमध्ये टीएसबी नावाची बँक आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार जुन्या कॉम्प्युटर यंत्रणेवरून नव्या यंत्रणेवर हलवला, तोही बराचसा एकाच शनिवार-रविवारी. सोमवारी गोंधळ उडाला. सुमारे १९ लाख लोकांना स्वतःचं खातंच उघडता येईना. पुढे २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

बँकेनेच नेमलेल्या वकिलांच्या संस्थेने चौकशी करून २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यात संचालक मंडळावर ठपका होता. सगळं एकदम हलवायचं की टप्प्याटप्प्याने, आणि लांबलेली नवी तारीख तरी खरोखर जमणारी आहे का, हे मंडळाने पुरेसं खोदून विचारलं नाही. शेवटची तारीख आधी ठरवून योजना उलटी आखली गेली, हेही त्यात आलं.

म्हणजे काम करणारे चुकले, तसे प्रश्न विचारणारेही चुकले. म्हणून काकांनी वही उघडून प्रश्न विचारला तर वाईट वाटून घेऊ नका. ते त्यांचं काम करतायत. तुमचं काम आहे उत्तर तयार ठेवणं.

आता पुतण्याचा निर्णय कसोटीवर घासू

त्याने दुकानाचं काम का थांबवलं? गोदामातला माल मोजला तेव्हा ६० पैकी २२ वस्तूंचा आकडा कॉम्प्युटरशी जुळत नव्हता. हे कारण चांगलं आहे. पण ते कुठेही लिहिलेलं नाही. चला, लिहू.

१. फायदा: आपला हेतू ‘२४ तासांत बरोबर माल’ हा आहे. स्टॉकचा आकडाच चुकीचा असेल, तर ऑनलाइन दुकान ग्राहकाला खोटा शब्द देणार. म्हणजे आज दुकान सुरू केलं तर ठरवलेला फायदा मिळणार नाही.

२. धोका, दोन्ही बाजूंचा: सुरू ठेवलं तर ऑर्डर रद्द होतील, नाव खराब होईल. थांबवलं तर दिवाळीचा हंगाम हुकेल, आणि वेबसाइटवाला दुसरं काम धरेल. बहुतेक जण आपल्या सोयीचा धोका लिहितात आणि दुसरा विसरतात. तसं करू नका. समोरच्याचा विश्वास दुसऱ्या ओळीमुळेच बसतो.

३. पैसा आणि माणसं: माल मोजणारा आणि वेबसाइटवर मालाची माहिती भरणारा मुलगा एकच आहे. दोन्ही कामं एकाच वेळी त्याच्याकडून होणार नाहीत.

४. गेलेले ४० हजार: ते परत येणार नाहीत, थांबवलं तरी आणि चालू ठेवलं तरी. म्हणून ‘एवढे घातलेत तर पूर्ण करूच’ हे कारण होऊ शकत नाही. प्रश्न फक्त उरलेल्या ८० हजारांचा आहे. ते आज घालावेत का?

५. पर्याय: पहिला पर्याय, काम तसंच चालू ठेवायचं. दुसरा, दोन महिने पूर्ण थांबवायचं. आणि इथे लिहिता लिहिता तिसरा सापडतो. ज्या १० वस्तू सगळ्यात जास्त खपतात, त्यांचीच मोजदाद आधी नीट करायची आणि त्या १० वस्तूंचंच छोटं दुकान दिवाळीआधी उघडायचं. बाकीच्या ५० नंतर.

लक्षात आलं का? पुतण्याने आधी कागदावर लिहिलं असतं, तर त्याने काम पूर्ण थांबवलंच नसतं. काकांचे ४० हजार उपयोगी पडले असते आणि धोकाही आवाक्यात राहिला असता. म्हणून निर्णयाचं समर्थन नंतर शोधू नका. समर्थन लिहून बघा, मग निर्णय घ्या. कधीकधी लिहितानाच निर्णय बदलतो, आणि ते चांगलंच आहे.

एका पानाची निर्णय-चिठ्ठी

वही घ्या, मोबाइलमध्ये लिहा, कसंही चालेल. पण या सात ओळी हव्यात.

- हेतू: सगळ्या खटाटोपातून धंद्याला काय मिळवायचंय? एक ओळ.
- आज काय दिसतंय: आकड्यासह. ‘स्टॉक जुळत नाही’ असं नको, ‘६० पैकी २२ जुळत नाहीत’ असं हवं.
- पर्याय: किमान तीन. ‘काहीच न करणं’ हाही पर्याय असतो.
- तीन कसोट्या: प्रत्येक पर्यायाचा फायदा, धोका, खर्च.
- निर्णय आणि कारण: दोन ओळींत.
- कोणी घेतला, कोणाला विचारलं, तारीख: हद्द आधी ठरवा. उदाहरणार्थ, २० हजारांपेक्षा जास्त खर्च वाढला किंवा १५ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर काकांना विचारायचं, नाहीतर पुतण्याने ठरवायचं.
- पुन्हा कधी बघायचं: ‘सलग दोन आठवडे ६० पैकी ३ पेक्षा कमी चुका आल्या की उरलेल्या वस्तू ऑनलाइन घ्यायच्या.’

शेवटची ओळ कोणी लिहीत नाही. पण थांबवलेलं काम कायमचं पडून राहतं ते ती ओळ नसल्यामुळेच.

काही निर्णयांत चर्चेला जागा कमी असते

कायद्याचं पालन हा कोबिटमधला वेगळा मुद्दा आहे. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू झालं. अशा वेळी ‘दुकानाआधी बिलिंग का?’ याचं उत्तर सरळ असतं. दुकान उशिरा उघडलं तर विक्री थोडी हुकेल, पण बिलाची नोंद चुकली तर नोटीस येईल. तुमच्या व्यवसायाला नेमका कोणता नियम लागू आहे, हे तुमच्या सीएंना विचारून चिठ्ठीत लिहा.

या तीन चुका टाळा

एक, ‘कोबिटमध्ये लिहिलंय म्हणून केलं’ असं सांगणं. कोणतं सॉफ्टवेअर घ्या, कोणतं काम थांबवा, हे कोबिट सांगत नाही. ते प्रश्न देतं, उत्तर आपलं असतं. काकांसमोर क्रमांक फेकले तर ते म्हणतील, “मला मराठीत सांग.”

दोन, सगळीच्या सगळी ४० उद्दिष्टं लावायला जाणं. व्यवसायाचा आकार, धोका, गरज बघून चौकट कापून घ्या, असं कोबिट स्वतःच सांगतं. लहान आणि मध्यम उद्योगांसाठी इसाकाचं वेगळं मार्गदर्शनही आहे. चार माणसांच्या धंद्याला एका पानाची चिठ्ठी पुष्कळ झाली.

तीन, मागची तारीख टाकून चिठ्ठी लिहिणं. निर्णय घेताना लिहायचं राहिलं असेल तर आज लिहा, आजचीच तारीख टाका, आणि ‘तेव्हा हे लिहिलं नव्हतं’ असं स्पष्ट नोंदवा. एक खोटी तारीख सापडली की बाकीच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आज करायचं काम

तुमच्या व्यवसायातला असा एक निर्णय निवडा, जो या महिन्यात घ्यायचाय आणि ज्याबद्दल घरचे, भागीदार किंवा बँकेचे साहेब उद्या प्रश्न विचारू शकतात. सात ओळी लिहा. मग ज्याचे पैसे आहेत त्याला त्या आधी वाचून दाखवा. तो एखादा प्रश्न विचारेल जो तुम्हाला सुचलाच नव्हता. तो लिहून घ्या.

निर्णय चुकणार नाहीत असं मी म्हणत नाही. चुकतील. पण चिठ्ठी असेल तर पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते कळेल, आणि काकांसमोर मान खाली घालायची वेळ येणार नाही.

तुमची चिठ्ठी लिहून झाली की कोणती ओळ सगळ्यात अवघड गेली, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. पुढच्या व्हिडिओत त्याच ओळीवर बोलू.