मायलेज सोडा, लिटर मोजा

पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत डिझेल मोटारीचं अधिकृत मायलेज ठरतं ते रोलरवर. चाचणी जेमतेम वीस मिनिटांची. वेग ताशी ९० किलोमीटरपुढे जात नाही, एसी बंद. घाटाचा चढ नाही, सिग्नलवरचा खोळंबा नाही. मग चोवीसची गाडी रस्त्यावर अठराच देते, तेव्हा ‘कंपनीनं फसवलं’ अशी ओरड होते. पण सगळ्या गाड्या एकाच मापानं मोजायच्या, तर परिस्थिती सारखी ठेवावीच लागते. हा बचाव रास्त असला तरी पुरेसा नाही. आयसीसीटी या संस्थेच्या अभ्यासांनुसार युरोपात ही तफावत २००१ मध्ये दहा टक्क्यांच्या आत होती. २०१५ पर्यंत ती चाळिशीत पोहोचली. चाचणी तीच राहिली, तिच्या पळवाटा मात्र कंपन्यांना पाठ झाल्या. २०१७ पासून तिथं अधिक लांब आणि वेगवान डब्ल्यूएलटीपी चाचणी आली. तरीही २०२१ च्या गाड्यांनी स्वतःच नोंदवलेल्या इंधनवापरात सुमारे वीस टक्के तफावत उरलीच.

मग डिझेलसाठी जास्त पैसे मोजणारा फसतो का? समजा, कागदावर डिझेल गाडी २४ आणि पेट्रोल गाडी १८ देते. हजार किलोमीटरला डिझेल सुमारे ४२ लिटर लागेल, पेट्रोल ५६. बचत १४ लिटरची. दोन्ही आकडे चतुर्थांशानं घसरले, तर खप ५६ आणि ७४ लिटर होतो. म्हणजे बचत घटत नाही, उलट १८ लिटरवर जाते! ‘मायलेज कमी, म्हणून डिझेल तोट्याचं’ हा निष्कर्ष इथंच कोसळतो. तोटा होतो तो घसरण असमान असेल तेव्हा. बीएस-६ डिझेल गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठलेली काजळी जाळायला जास्तीचं डिझेल खर्च होतं. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहून पुन्हा सुरू करावं लागतं. पेट्रोलचा खप ७४ लिटरच राहिला आणि डिझेल त्यामुळे १६ वर आलं, तर बचत १२ लिटरांच्याही खाली जाते.

वापर ज्याचा त्याचा वेगळा, त्याला चाचणी काय करणार, असं कुणी म्हणेल. पण चाचणीत शहरातला आणि शहराबाहेरचा असे दोन भाग मुळातच असतात. ते आकडे वेगवेगळे, हजार किलोमीटरला किती लिटर अशा हिशेबात छापले, तर डिझेल आपल्याला परवडेल की नाही, हे गिऱ्हाईक स्वतःच ठरवू शकेल.